पिवळ्या झाकणाच्या नळ्या

माझ्या नोकरीत मी एकतीस वर्षं लग्नं लावली. वर आणि वधू दोघंही डोळ्यांना दिसायची नाहीत. मांडव म्हणजे तळहाताएवढी काचेची बशी, आणि वाजंत्री म्हणाल तर मागच्या फ्रीजची घरघर. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या काळापासून दारात भटजी आलेला नाही. प्रयोगशाळेतली पोरं मात्र मलाच भटजी म्हणायची, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. बीदरच्या एका पदव्युत्तर केंद्रात मी लॅब टेक्निशियन होतो. यीस्ट, म्हणजे आपलं पावाचं खमीर, वाढवायचं, जुळवायचं, फोडायचं आणि जपायचं, एवढंच माझं काम.

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. गमती पुष्कळ आहेत. पण त्या सांगायला बसलं की त्यांच्या मागोमाग तनू येते, आणि ती आली की गमतीत मन राहत नाही. शेवटी ठरवलं, जे जसं येईल तसं येऊ द्यावं.

तर आधी गमती. एकदा अबकारी खात्याचा एक शिपाई थेट लॅबमध्ये शिरला. खिडकीतून रस्त्यावर दारूचा वास येतोय, अशी कुणीतरी तक्रार केली होती. वास खराच होता, कारण यीस्टला साखर मिळाली की ते दुसरं काय करणार. मी त्याला वीस लिटरची काचेची बाटली दाखवली, सूक्ष्मदर्शकातून गोल गोल पेशी दाखवल्या, पांढऱ्या कोटाच्या खिशावरचं माझं नाव दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि जाताना हळूच म्हणाला, "साहेब, हे पिऊन बगितलं का कुणी?" दुसरं एक गिऱ्हाईक म्हणजे चौबारा बुरुजाकडचा बेकरीवाला. त्याचं पीठ हिवाळ्यात फुगेना, म्हणून कुणीतरी त्याला माझा पत्ता दिला. मी त्याचं पिंप बघितलं, पाणी किती कोमट ठेवायचं ते सांगितलं, आणि पुढची कित्येक वर्षं माझ्या घरी दर ईदला बिस्किटांचा डबा येत राहिला.

आता कामाचं सांगतो. आपल्या अंगातली बरीच प्रथिनं नुसती प्रथिनं नसतात, त्यांना साखरेच्या फांद्या जोडलेल्या असतात. फांदी नीट जोडली गेली नाही तर प्रथिनाला घडी नीट पडत नाही, ते जायचं तिथे जात नाही, करायचं ते करत नाही. माणसात जे होतं तेच थोड्याफार फरकाने यीस्टमध्ये होतं, आणि माणसाला काही बशीत वाढवता येत नाही. म्हणून आम्ही यीस्ट घेऊन बसलो होतो. आमच्या सरोजामॅडमचा सगळा जन्म एका प्रश्नात गेला: ही फांदी पेशीत नेमकी कुठे बनते, कुठली क्रिया कुठल्या जागी होते.

मॅडम कलबुर्गीच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. मराठी छान बोलायच्या, पण जपून. मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला हे बिदरीच्या भांड्यावरून समजावलं होतं. ओतणारा वेगळा, कोरणारा वेगळा, चांदी ठोकणारा वेगळा, आणि शेवटी किल्ल्यातली माती लावून काळं करणारा वेगळा. "माणिकअण्णा, पेशीतपण तसंच असतं. सगळं एका खोलीत होत नाही." आधी पेशीच्या पातळ रसात साखर कामाजोगी तयार होते. मग एक पडद्यांची जाळी असते. पुस्तकात तिला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात, आम्ही नुसतं जाळी म्हणायचो. त्या जाळीच्या बाहेरच्या अंगाला साखरेचे सात कण एकापुढे एक जोडले जातात. मग ती अर्धी फांदी उलटून जाळीच्या आत जाते, आत आणखी सात जोडले जातात, आणि चौदा कणांची फांदी एकदम उचलून प्रथिनाला लावली जाते. पुढची कलाकुसर गॉल्गी नावाच्या दुसऱ्या खोलीत. हे मी आज झोपेतसुद्धा सांगेन.

हे शोधायचं कसं, तर पेशी फोडून. यीस्टच्या अंगावर जाड कवच असतं. ते आधी एका औषधाने पचवायचं, मग काचेच्या नळीत काचेचाच दट्ट्या घालून पेशी हळू फोडायच्या. जोर केला तर आतल्या खोल्याही फुटतात आणि सगळं एकत्र होऊन जातं, कमी केला तर काहीच फुटत नाही. वीस वेळा दट्ट्या खाली-वर. एकविसावा मी कधी मारला नाही. मग साखरेच्या पाण्याचे कमी-जास्त दाट थर करून त्यावर तो रस सोडायचा आणि प्रचंड वेगाने फिरवायचं, की जाळी एका थरावर, गॉल्गी दुसऱ्या थरावर, रस सगळ्यात वर. कुठल्या थरात साखर जोडली जाते ते मग मोजायचं. मॅडमच्या शोधनिबंधांत शेवटी माझे आभार असायचे. माझ्या बायकोने त्यातला एक कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे.

एवढ्या वेगाने फिरवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते हैदराबादला. म्हणून मी थर्माकोलचा डबा बर्फाने भरून, त्यात पेशी घालून, मांडीवर घेऊन बीदर-हैदराबाद बसने जायचो. एकदा कंडक्टर डब्याकडे बघून म्हणाला, "क्या है जी डब्बे में? मच्छी है तो ऊपर डालो, पाशिंजरां कटकट करते." मी म्हटलं, "खमीर है." तो म्हणाला, "पाव बनाने इत्ती दूर जारे?" सगळी बस हसली. मी डबा काही खाली ठेवला नाही, कारण खाली इंजिनाची धग लागते.

राहिली लग्नं. यीस्टमध्ये दोन जाती असतात, नर-मादीसारख्या, आणि दोन्ही एकेकट्या जगू शकतात. आमच्याकडे बिघाड असलेल्या यीस्टचा मोठा साठा होता. प्रत्येक नळीत एक खोड: कुणाची साखर तयार होत नाही, कुणाची फांदी अर्धीच राहते. यातली बरीच पंचवीस अंशावर कशीबशी जगायची आणि सदतिसावर, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उबेत, मरायची. आता दोन आजारी यीस्टांत खोड एकच आहे की वेगवेगळी, हे ओळखायचं असेल तर त्यांचं लग्न लावायचं आणि होणारं पोर उबदार पेटीत ठेवायचं. खोडी वेगवेगळ्या असतील तर एकाचं उणं दुसरा भरून काढतो आणि पोर सदतिसावर मजेत वाढतं. खोड दोघांत एकच असेल तर बशी सकाळी कोरी. आणि खोड एकाच बाजूने आली, दुसरी बाजू धड असली, तर काहीच कळत नाही. ती गुपचूप पुढे जात राहते. अशी किती लग्नं लावली त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. बशी उजेडाकडे धरली की एका नजरेत सांगायचो, "एकाच घरचे हैत."

आमचं गाव चिंताकी. माझी मोठी बहीण, अक्का, कडगंचीला दिलेली. धाकटा भाऊ संजू माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. अक्का बाळंतपणाला माहेरी आली आणि रेखा झाली तेव्हा संजू आठ वर्षांचा होता. आईने ते गुंडाळलेलं पोर त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घे, ही तुजी." संजू पोर तिथंच ठेवून विहिरीकडे पळाला. आमच्या भागात मामाचा भाचीवर पहिला हक्क. हे एका जातीचं नाही, सगळ्यांचंच आहे. आमच्या घराने धम्म घेतला, देव्हारा गेला, पत्रिका बघणं गेलं, नवस गेले, पण मामाचा हक्क तेवढा राहिला. त्यात वाईट काय, असंच सगळ्यांना वाटायचं. पोरगी आपल्याच घरात येते, सासू म्हणजे आजीच असते, कुणी जाच करत नाही.

आई गेली तेव्हा वडील आधीच नव्हते. घरातला मोठा मी. संजू औरादला सरकारी शाळेत मास्तर झाला, रेखाचं डी.एड. झालं, आणि अक्काने मला विचारलं, "माणिक, आईचा शब्द हाय. काय करायचं?" मी म्हटलं, "काय करायचं म्हंजे? लावून टाकू." इतकं सोपं होतं ते.

लग्नपत्रिका द्यायला मी मॅडमच्या खोलीत गेलो. हातात सकाळच्या बश्यांचा ट्रेही होता, कारण जाता जाता तोही दाखवायचा होता. मॅडमनी पत्रिका वाचली. "मुलगी कुठली, माणिकअण्णा?" मी म्हटलं, "घरचीच. अक्काची रेखा." मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चांगलं होऊ दे." आणि बश्या बघायला हात पुढे केला. त्या दिवशी ट्रेमध्ये सहा बश्या होत्या. त्यातल्या दोन कोऱ्या होत्या, हे मला अजून आठवतं.

तनू झाली ती बीदरच्या दवाखान्यात. पहिल्या महिन्यातच रेखा म्हणायला लागली, "मामा, ही दूध वडतच न्हाई वो." लग्नानंतर खरं तर मी तिचा भावजी झालो होतो, पण तिने मला मामा म्हणणं सोडलं नाही. तनूचे डोळे आत वळलेले. मान धरेना. कमरेवर मागे दोन्ही बाजूंना चरबीचे मऊ उंचवटे, आणि अंग असं सैल की उचलताना दोन्ही हातांनी गोळा करावं लागायचं. हसायची मात्र खूप. मी डोक्यावरून हात फिरवला की लगेच.

आधी बीदर, मग कलबुर्गी, मग हैदराबाद. कुणी म्हणालं दिसामाशी सुधारेल, कुणी म्हणालं मेंदूचं आहे. शेवटी हैदराबादच्या एका वयस्क डॉक्टरबाईंनी त्या कमरेवरच्या उंचवट्यांना बोट लावून बघितलं आणि रक्त कुठल्यातरी लांबच्या प्रयोगशाळेत पाठवलं. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. संजू तो घेऊन थेट माझ्या लॅबमध्ये आला. "अण्णा, तुमच्या कामातलं कायतरी दिसायलंय. बगा बरं."

मी उभ्यानेच वाचलं. रक्तातल्या एका प्रथिनावर साखरेच्या फांद्या पुरत्या नाहीत. फांदी जोडली जाण्याआधीच्या कुठल्यातरी पायरीवर अडलेलं आहे. नक्की कुठली पायरी, ते पुढच्या तपासणीत. सबंध जगातल्या आजारांतून माझ्या घरी नेमका हाच यावा. मी स्टुलावर बसलो. संजू विचारत होता, "औषध हाय का याला?" आणि मी रिपोर्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.

पण मनात एक आशाही उभी राहिली होती, आणि ती कसली ते सांगितलंच पाहिजे. आमच्या फ्रीजरच्या तिसऱ्या कप्प्यात दोन तऱ्हेच्या नळ्या शेजारी शेजारी होत्या, निळ्या झाकणाच्या आणि पिवळ्या झाकणाच्या. दोन्हींची खोड पेशीच्या रसातली, जाळीपर्यंत पोहोचायच्या आधीची. फांदीला मॅनोज नावाची साखर लागते. निळ्या नळीतल्या यीस्टला ती स्वतः बनवता येत नव्हती. पण खायला चिमूटभर तयार मॅनोज घातली की ते टुणटुणीत व्हायचं. ती चिमूट मी स्वतः किती वर्षं घालत होतो. पिवळ्या नळीतल्या यीस्टला तयार साखर देऊनही उपयोग नव्हता. साखरेवरची एक खूण एका जागेवरून दुसरीकडे सरकवायची असते, मगच ती पुढे कामाला येते, आणि नेमकं तेच त्याला जमत नव्हतं. माणसांतही हे दोन्ही आजार आहेत. निळ्या झाकणाचा आजार असलेल्या मुलांना ती साखर पाण्यातून पाजतात आणि ती जगतात. तनू निळी की पिवळी, एवढाच प्रश्न होता.

मी मॅडमकडे गेलो. त्या तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होत्या. मी म्हटलं, "मॅडम, आपल्या कपाटात मॅनोजची बाटली हाय. दुसरा रिपोर्ट येईपर्यंत थोडी थोडी सुरू करू का?"

मॅडमनी तनूचं सगळं विचारून घेतलं. मान धरते का, डोळे कसे, यकृत कसं, जुलाब होतात का. मी सांगत गेलो तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. "लॅबमधली बाटली बाळाला द्यायची नसते, अण्णा. रिपोर्ट येऊ द्या." त्यांना तेव्हाच कळलं होतं. निळ्याचा त्रास पोटाला आणि यकृताला होतो. मान, डोळे, सैल अंग हे पिवळ्याचं. पण मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते पाच आठवडे मी निळ्या झाकणाच्या नळ्या काढायचो, वाढवायचो आणि बघत बसायचो. काम म्हणून त्याची काही गरज नव्हती.

रिपोर्ट पिवळा आला. त्याखाली आणखी एक ओळ होती: बिघाड जनुकाच्या दोन्ही प्रतींत, आईकडच्या आणि बापाकडच्या, आहे आणि दोन्हीकडे तंतोतंत एकच आहे. संजूला ती ओळ कळली नाही. मला तिच्यावरून डोळा काढता येईना. एकच खोड दोन्ही बाजूंनी येते ती कशी, हे मी पोरांना खडू घेऊन शिकवलं होतं. आमच्या आईकडे किंवा वडिलांकडे ती होती. एका वाटेने ती संजूकडे आली, दुसऱ्या वाटेने अक्काकडे आणि तिच्यातून रेखाकडे. कदाचित माझ्यातही असेल. कुणालाच काही झालं नाही, कारण प्रत्येकाची दुसरी बाजू धड होती. आणि मग मी, घरातला मोठा माणूस, मी ती दोघं जुळवली.

मॅडमना कागद दाखवला तेव्हा त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी पत्रिका बघून माझ्या ओठांवर आलं होतं, अण्णा. पण माझे यजमान माझे सख्खे मामा. दोन मुलं धडधाकट आहेत. मी कुठल्या तोंडाने बोलणार होते? असं दरवेळी होत नाही, म्हणून माणूस गप्प राहतो." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा राग आला नाही. माझ्या हातात तर ट्रे होता.

तनू तिसऱ्या वर्षात गेली तोवर ती बसायला शिकली होती, पाठीला उशी लावून. 'मा' म्हणायची, ते आईला की आईचं ऐकून मला, मामाला, यावर रेखा आणि मी भांडायचो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तापाला जपा, तापात हिचं बिघडतं. माझ्या डोक्यात ते फार वाईट तऱ्हेने बसलं. पंचवीसला जगतं, सदतिसाला मरतं. मी औरादच्या घरी कूलर बसवला, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, बीदरहून निघालो की आधी फोन करून विचारायचो, खोलीत गार आहे ना. रेखा एकदा म्हणाली, "मामा, ती माणूस हाय वो. तिला गारठ्यात कामून ठेवायलाव?" मी ओशाळलो, पण पडदे काढले नाहीत.

एप्रिलमध्ये ताप आला. कलबुर्गीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती गेली. मी पायाशी बसून ओल्या फडक्याने तिचे तळवे पुसत होतो. नर्सने माझ्या हातातून फडकं घेतलं, तेव्हा मला कळलं.

चिंताकीला सगळं उरकल्यावर चार दिवसांनी रेखा माझ्यासमोर येऊन बसली. अक्का शेजारीच होती. रेखा म्हणाली, "मामा, तुमाला म्हाईत होतं का?"

अक्का म्हणाली, "काय बोलायलीस ग? मामाला काय म्हाईत असतंय?"

"तू गप ग, आई. मी मामाला इचारायले. तुमी असलंच काम करताव न्हवं रोज? नात्यात जुळवलं की काय व्हतंय, तुमाला म्हाईत होतं का न्हाई?"

खोटं बोलायची सोय होती. असं होईलच असं नव्हतं, दरवेळी होत नाही, हेही खरंच होतं. पण ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "म्हाईत होतं, बाळ. ते काम लॅबमधलं, असंच वाटायचं. घरचं हाय असं कधी मनातच आलं न्हाई."

ती उठून आत गेली. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. घरी गेलो तर ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि आत जायची. मामा ही हाक बंद झाली. तनू गेल्याचं दुःख मोठं की हे, असं मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक.

तेव्हापासून मला एक सवय लागली. लग्नपत्रिका आली की मी विचारतो, मुलगी कोण. नात्यातली असली की समोरच्याला बसवून सगळं सांगतो, कागदावर काढून दाखवतो. एक-दोघांनी ऐकलं. बाकीचे आता पत्रिका माझ्या बायकोच्या हातात देऊन दारातूनच परत जातात. अक्कानेही मधे तिच्या धाकट्या मुलीसाठी माझ्या मुलाची गोष्ट काढली होती. मी नको म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "माजं रक्त नासकं हाय, असंच म्हन की." मी म्हटलं, "अक्का, तुजं जे हाय तेच माजं." तिला ते पटलं नाही. वाईट वाटून घेऊन ती संध्याकाळच्या गाडीने कडगंचीला गेली आणि अजून आलेली नाही.

मी निवृत्त व्हायच्या महिन्यात नव्या साहेबांनी फ्रीजर रिकामा करायला सांगितलं. त्यांचं काम संगणकावरचं. त्यांचंही बरोबर आहे, वीज जाते, जागा अडते. नळ्या वाफेच्या भट्टीत घालून मारायच्या आणि फेकायच्या, हा नियम. मी हैदराबादच्या त्या यंत्रवाल्या लॅबला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, दोन पेट्या ठेवून घेऊ, पण आधी जिवंत आहेत का ते तपासून आणा. म्हणून मी सगळ्या नळ्यांतलं थोडं थोडं बश्यांवर ओढलं; एक संच थंड पेटीत, एक उबदार पेटीत. शेवटची ओळ पिवळ्या झाकणांची.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात रेखा उभी होती. एकटीच आली होती, औरादच्या बसने. आत येऊन तिने सगळीकडे बघितलं. या लॅबमध्ये ती पहिल्यांदाच येत होती. म्हणाली, "संजूमामा म्हनले, तुमी सगळं फेकून द्यायलाव." नवऱ्याला ती अजून कधी कधी मामाच म्हणते. "तनूचं जे होतं, ते यात हाय म्हने. कुठलं?"

मी तिला दोन बश्या काढून दिल्या आणि उजेडाकडे कसं धरायचं ते दाखवलं. उबदार पेटीतली बशी शेवटच्या ओळीत कोरी होती. थंड पेटीतल्या बशीत त्याच जागी दुधाच्या थेंबासारखे बारीक ठिपके होते. ती दोन्ही बश्या आळीपाळीने बघत राहिली. मग ठिपक्यांवरून, काचेवरूनच, तिने बोट फिरवलं.

"गारव्यात जगती व्हय ही?"

"व्हय."

"मग मारू नका, मामा. गारव्यातच ऱ्हाऊ द्या हिला."

मी तोंड फिरवून फ्रीजरचं दार उघडलं. मला रडताना तिने बघू नये, असं वाटत होतं, पण तिने बघितलं. आम्ही दोघांनी मिळून पेट्या भरल्या. ती बर्फ कुटून देत होती, मी नळ्या रचत होतो. पिवळ्या झाकणाच्या नळ्या तिने स्वतःच्या हाताने मधोमध ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हैदराबादच्या बसमध्ये बसलो. संजूला शाळा होती, म्हणून रेखाच माझ्याबरोबर आली. एक पेटी माझ्या मांडीवर, एक तिच्या. जहिराबाद मागे पडल्यावर ऊन तिच्या बाजूला आलं. कंडक्टर तिकिटं बघत आला, पेट्यांकडे बघून थांबला. "क्या है चाचा इसमें? नीचे रखो ना, हातां दुखते."

एकतीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर मला कितीदा द्यावं लागलं होतं. त्या दिवशी माझ्या आधी रेखा म्हणाली, "नक्को भाईसाब. नीचे धग लगती. गरमी चलती नहीं उसको."

आणि तिने पदर ओढून पेटीवर ऊन पडत होतं तिथे धरला, तो हैदराबाद येईपर्यंत.